हैदराबादच्या नावाची विमाने: ब्रह्मदेश आघाडीवरील डाइव्ह बॉम्बर आणि त्यांचे रोजचे दिवस

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर डाइव्ह बॉम्बर विमानांच्या मोजक्याच तुकड्या लढल्या. ब्रिटिश हवाई दलाच्या 45, 82, 84 आणि 110 या चार आणि भारतीय हवाई दलाच्या 7 व 8 या दोन. सहाही तुकड्यांकडे व्हल्टी व्हेंजन्स हे एकाच जातीचे अमेरिकन विमान होते. त्यांतल्या 110 क्रमांकाच्या तुकडीच्या अधिकृत नावात 'हैदराबाद' हा शब्द होता. आजचा हिंगोली जिल्हा त्या काळी निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोलीकर ज्या संस्थानाला शेतसारा भरत होते, त्याचे नाव घेऊन ही विमाने मणिपूर आणि आराकानच्या डोंगरांवर बॉम्ब टाकत होती.

हे नाव पहिल्या महायुद्धातून आले. 1911 मध्ये गादीवर बसलेल्या मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाने ब्रिटिशांच्या युद्धखर्चाला सढळ हाताने मदत केली. 1918 मध्ये 110 क्रमांकाच्या तुकडीला मिळालेली डीएच 9ए जातीची पहिली विमाने त्याच्या देणगीतून घेतलेली होती. विमानांच्या अंगावर देणगीदाराचा उल्लेख आणि क्रमांक रंगवलेला असे. त्यांतले 'हैदराबाद क्र. 12ए' हे विमान ऑक्टोबर 1918 मध्ये जर्मनांच्या हाती लागले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये सापडले, आणि आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तुकडीच्या बोधचिन्हातला वाघही हैदराबादच्या नात्याची खूण म्हणून आला. दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन तुकड्यांना हेच नाव मिळाले, पण त्या लढाऊ विमानांच्या होत्या. बॉम्बफेकीच्या कामावर राहिली ती 110.

हिंगोलीला लष्कर नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची मोठी छावणी होती. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश भारताच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व ओसरले. 1912 मध्ये पूर्णा जंक्शनहून लोहमार्ग आला आणि कापसाची बाजारपेठ म्हणून गाव वाढले. विमानदळाशी या गावाचा थेट संबंध कधी आला नाही. संबंध होता तो तिजोरीचा. देणगी निजामाच्या नावे जमा झाली, पण संस्थानाचे उत्पन्न शेवटी गावोगावच्या जमिनीतून येत होते. ते देणाऱ्या प्रजेला कोणी विचारले नव्हते. याच संस्थानात 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी घातली गेली होती आणि वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून बाहेर काढले गेले होते.

विमान कसे आले

डाइव्ह बॉम्बरची कल्पना सरळ आहे. उंचावरून आडवे उडत टाकलेला बॉम्ब वाऱ्याने आणि वेगाने भरकटतो. विमानाने लक्ष्यावर येऊन नाक खाली केले, जवळजवळ उभा सूर मारला आणि अगदी खाली येऊन बॉम्ब सोडला, तर विमानाची दिशा हीच बॉम्बची दिशा होते. जर्मनांच्या स्टुका विमानांनी 1939 आणि 1940 मध्ये पोलंड व फ्रान्समध्ये या तंत्राची दहशत बसवली. फ्रान्सने अमेरिकेच्या व्हल्टी कंपनीकडे तसेच विमान मागितले. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि पुढची मागणी ब्रिटनने नोंदवली. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या आकाशात स्टुकांची धूळधाण उडाली. संथ डाइव्ह बॉम्बर चपळ लढाऊ विमानांपुढे टिकत नाहीत, हे उघड झाले. व्हेंजन्स तयार होऊन येईपर्यंत युरोपात त्यांना काम उरले नव्हते.

काम होते ते भारताच्या पूर्व सीमेवर. 1942 च्या पूर्वार्धात जपानने ब्रह्मदेश घेतला. तिथल्या रानात जपानी सैनिक ओंडके आणि मातीचे थर रचून इतके भक्कम बंकर बांधत, की तोफेचे साधे गोळे त्यांवर निष्फळ ठरत. 1943 च्या सुरुवातीला आराकानच्या किनाऱ्यावर डोनबैक येथे अशाच बंकरांपुढे ब्रिटिश-भारतीय फौजेचे हल्ले पुन्हा पुन्हा फसले. तोवर जपानी लढाऊ विमानांची संख्या या भागात कमी होत चालली होती. युरोपात ज्या विमानाला धोका होता, त्याला इथे मोकळे आकाश मिळणार होते.

110 क्रमांकाची तुकडी 1942 मध्ये ब्रिटनहून भारतात आली. त्याआधी 4 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन युद्धनौकांवर झालेल्या ब्रिटनच्या पहिल्या बॉम्बहल्ल्यात तिची ब्लेनहाइम विमाने होती. भारतात तिला व्हेंजन्स मिळाली आणि मार्च 1943 मध्ये आराकानवर तिच्या मोहिमा सुरू झाल्या. भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या तुकड्या 1 डिसेंबर 1942 रोजी उभ्या राहिल्या. स्क्वाड्रन लीडर निरंजन प्रसाद 8 क्रमांकाच्या तुकडीचे पहिले प्रमुख झाले, तर 7 क्रमांकाची तुकडी स्क्वाड्रन लीडर हेम चौधरी यांच्या हाताखाली आघाडीवर गेली. 8 क्रमांकाची तुकडी डिसेंबर 1943 मध्ये चितगावजवळच्या डबल मूरिंग्ज तळावरून लढाईत उतरली, आणि 7 क्रमांकाची मार्च 1944 मध्ये सिल्चरजवळच्या उदरबंद येथून. तेव्हा 110 शेजारच्याच कुंभीरग्राम तळावर होती.

तळावरचा दिवस

सिल्चरच्या आसपासचा कछार हा चहाच्या मळ्यांचा मुलूख. आघाडीमागचे रस्ते आणि धावपट्ट्या करताना मळ्यांतले मजूर मोठ्या संख्येने कामाला लावले गेले. वैमानिक आणि कर्मचारी राहत ते बांबूच्या तट्ट्यांच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. त्यांना तिथे 'बाशा' म्हणत. आत खाट, मच्छरदाणी, कंदील आणि एखादी लोखंडी पेटी. पावसाळ्यात कपडे वाळत नसत, बुटांना बुरशी चढे. हिवताप हा जपान्यांइतकाच नेटाचा शत्रू होता. संध्याकाळ झाली की बाह्या खाली करायच्या, पूर्ण विजारी घालायच्या आणि मेपाक्रिनची पिवळी गोळी गिळायची, असा हुकूम होता. या गोळीने कातडी पिवळसर होई. जेवणात डब्यातले मांस आणि सोयाबीनचे सॉसेज वारंवार येत, आणि सॉसेजला सगळेच नाके मुरडत. चहा मात्र भरपूर मिळे.

दिवसाचे काम आदल्या संध्याकाळीच ठरे. आघाडीवरच्या पायदळाची मागणी सैन्य आणि हवाई दलाच्या संयुक्त मुख्यालयात येई, तिथून ती तळावर पोहोचे. तळावर लष्कराचा एक संपर्क अधिकारी नेमलेला असे. नकाशावर आपली माणसे कुठे आहेत, शत्रू कुठे आहे, टेकडीचा कोणता उतार हवा आहे, हे वैमानिकांना समजावून देणे त्याचे काम. टेहळणी विमानांनी काढलेली छायाचित्रे पुढ्यात ठेवली जात. फोटोत बहुधा झाडेच दिसत. एखादी पायवाट, नदीचे वळण किंवा उघडा पडलेला मातीचा पट्टा एवढीच खूण हाती लागे.

विमानांच्या भोवती दिवस वैमानिकांच्या आधी सुरू होई. मेकॅनिक आणि शस्त्रसामग्रीवाले अंधारातच कामाला लागत. व्हेंजन्सचे चौदा सिलिंडरांचे राइट सायक्लोन इंजिन 1,600 अश्वशक्तीचे होते, पण भारतातल्या धुळीत आणि उन्हात ते त्रास देई. तेल गळे, सिलिंडर झिजत, इंधनपंप कुरकुरत. सुट्या भागांची वाट पाहण्यात आठवडे जात. पोटात 500 पौंडांचे दोन आणि पंखांखाली 250 पौंडांचे दोन बॉम्ब चढवणे हे घामाघूम करणारे काम. दुपारपर्यंत विमानाचा पत्रा इतका तापे, की उघडा हात ठेवता येत नसे. म्हणून अवघड दुरुस्त्या शक्यतो सकाळीच उरकत.

व्हेंजन्समध्ये माणसे दोनच. पुढे वैमानिक, मागे त्याच्याकडे पाठ करून बसलेला गनर. बिनतारी यंत्र आणि दिशा दाखवण्याचे कामही मागच्या जागेकडेच असे. निघण्यापूर्वी पिस्तूल, नकाशा, जंगलात वाट काढायला सुरा आणि एक कापडी पत्र बरोबर घ्यायचे. या पत्रावर स्थानिक भाषांत मजकूर छापलेला असे: या माणसाला सुखरूप पोहोचवा, बक्षीस मिळेल. विमान रानात पडलेच, तर नागा, कुकी किंवा ब्रह्मी गावकऱ्यांच्या मदतीवर भिस्त होती. जपान्यांच्या हाती सापडण्याची भीती प्रत्येकाच्या मनात होती, पण तिच्याबद्दल फारसे बोलले जात नसे.

वीस सेकंदांचा सूर

सहा विमानांचा गट ही नेहमीची रचना. तीन-तीनच्या दोन बाणांत विमाने जवळजवळ राहून उडत. शत्रूची लढाऊ विमाने आलीच, तर मागच्या सहाही गनरना एकमेकांना आधार देता यावा, असा हिशेब होता. व्हेंजन्सचे पंख उभ्या सुरासाठी घडवलेले होते. त्यामुळे सूर अगदी सरळ लागे, पण आडवे उडताना विमान नाक वर आणि शेपूट खाली अशा अवघडलेल्या ढबीने चाले आणि वैमानिकाला समोरचे धड दिसत नसे. डोंगररांगा ओलांडून चिंदविनच्या खोऱ्याकडे जाताना खाली मैलोन् मैल झाडांचे छत. तिथे इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नसे. या तुकड्यांमधल्या अनेक माणसांचा मृत्यू शत्रूच्या गोळीने झालेला नव्हता. इंजिन बिघडून किंवा ढगांत डोंगराला धडकून तो ओढवला.

लक्ष्याजवळ गट साधारण 10,000 ते 12,000 फुटांवर येई. खालून आपले तोफखानावाले धुराचा गोळा टाकत. झाडांच्या शेंड्यांवर पांढरा किंवा रंगीत धूर वर आला, की ती खूण. गटप्रमुख पंख झुकवून कड घेई आणि विमान उलटवून खाली सोडी. विहिरीच्या काठावरून पोरे एकामागे एक सूर मारतात तशी बाकीची विमाने त्याच्या मागोमाग जात. सुरात शिरताच पंखांवरचे ब्रेक उघडत. ते नसते तर वेग आवरला नसता. ते उघडे असताना विमान ताशी सुमारे 300 मैलांच्या आसपास राही. या वेगाने आठ हजार फूट उतरायला वीस सेकंदही लागत नाहीत.

तेवढ्या वेळात वैमानिकाला पुष्कळ करायचे असे. नाकाच्या रेषेत धूर धरायचा, वाऱ्याने विमान बाजूला सरकत असेल तर सावरायचे, उंचीमापकाच्या वेगाने फिरणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. मागे तोंड करून बसलेला गनर या काळात पाठीवर पडल्यासारखा होऊन थेट आकाशाकडे पाहत असे. जमीन जवळ येते आहे हे त्याला दिसत नसे, कानांत मात्र कळे, कारण हवेचा दाब झपाट्याने बदलून कान ठणकत. काही हजार फुटांवर बॉम्ब सुटे, ब्रेक मिटत आणि वैमानिक दांडा ओढून विमान वर घेई. तेव्हा शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे होई, डोळ्यांपुढे करडा पडदा येई आणि काही क्षण काहीच दिसत नसे. विमान झाडांच्या शेंड्यांजवळून निघताना जपानी रायफली आणि मशीनगन चालत. खरा मारा तिथेच होई.

मग गट पुन्हा जुळवायचा आणि घर गाठायचे. मागे वळून पाहिले तर धूळ, तुटलेल्या फांद्या आणि धुराचा लोट. बंकर फुटला की नाही, हे बहुतेक वेळा कळतच नसे. परतल्यावर चहाचा पेला हातात घेऊन गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची: बॉम्ब कुठे पडले, धूर कुठे होता, गोळीबार कुठून झाला. मोहीमपुस्तिकेत त्या खेपेची नोंद एक-दोन ओळींत संपे. पायदळाने ती टेकडी घेतली, तर दोन-तीन दिवसांनी संदेश येई की बॉम्ब नेमके पडले होते. असा संदेश भिंतीवर लावला जाई. आला नाही, तर दुसऱ्या दिवशी नवा नकाशा आणि नवा धूर.

संध्याकाळी पत्ते, ग्रामोफोन, कधी फिरता सिनेमा. 8 क्रमांकाच्या तुकडीत भारतीयांबरोबर ब्रिटिश हवाई दलाचीही माणसे होती, त्यामुळे एकाच तळावर अनेक भाषा बोलल्या जात. पत्रे येत, पण लिहिताना तळाचे नाव आणि मोहिमांचा तपशील देता येत नसे. घरच्यांना हवामान आणि जेवण यांपलीकडे फार काही कळत नसे.

इम्फाळ आणि कोहिमा

मार्च 1944 मध्ये जपानी सैन्याने चिंदविन ओलांडून मणिपुरात मुसंडी मारली आणि नेहमीच्या कामाचा वेग एकदम वाढला. 22 ते 26 मार्चदरम्यान उखरुलजवळच्या सांगशाक टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन वेढ्यात अडकून लढली. पाणी अपुरे आणि खंदक उथळ. शेवटी त्यांना रात्री माघार घ्यावी लागली, पण त्या दिवसांनी जपान्यांचा कोहिमाकडचा वेग मंदावला. मार्चअखेर इम्फाळचा रस्ता तुटला आणि एप्रिलमध्ये कोहिमाला वेढा पडला.

या आठवड्यांत व्हेंजन्स विमाने टिड्डिम रस्त्यावरचे पूल, दारूगोळ्याचे साठे, छावण्या आणि टेकड्यांवरचे बंकर यांच्यावर वारंवार उतरली. एकाच विमानाने एका दिवसात दोन खेपा करणे नेहमीचे झाले. जमिनीवरचे सैन्य कित्येकदा लक्ष्यापासून काहीशे यार्डांवर असे, म्हणून बॉम्ब थोडाही इकडेतिकडे पडून चालत नसे. याच कामासाठी हे विमान घडवलेले होते. 7 क्रमांकाच्या तुकडीत तेव्हा प्रतापचंद्र लाल फ्लाइट कमांडर होते. पुढे तेच तुकडीचे प्रमुख झाले आणि ब्रह्मदेशातल्या कामगिरीसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

मे महिन्यात पावसाने जोर धरला. कछारच्या कच्च्या धावपट्ट्या चिखलात बुडू लागल्या. डोंगरांवरच्या ढगांत विमाने हेलकावत, गट विखुरत आणि लक्ष्य दिसले नाही म्हणून बॉम्ब तसेच घेऊन परतावे लागे. 22 जून 1944 रोजी कोहिमा-इम्फाळ रस्ता खुला झाला. त्याच सुमारास 110 क्रमांकाची तुकडी आघाडीवरून मागे बोलावण्यात आली. भारतीय तुकड्याही मागे आल्या. पुढे 7 क्रमांकाच्या तुकडीला हरिकेन आणि 8 क्रमांकाच्या तुकडीला स्पिटफायर मिळाली.

नंतर

ब्रह्मदेशातून व्हेंजन्स गेले ते परत आले नाही. थंडरबोल्ट, हरिकेन आणि मॉस्किटो ही विमाने बॉम्ब टाकत आणि स्वतःच्या बचावासाठी लढूही शकत. खास सुरासाठी घडवलेल्या, दुसऱ्या कशालाच फारशा उपयोगी नसलेल्या विमानावर खर्च करण्याचे कारण उरले नाही. 110 ची काही व्हेंजन्स पश्चिम आफ्रिकेतल्या ताकोराडी येथे नेऊन त्यांच्याकडून डासांवर औषध फवारण्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. ज्या हिवतापाने तळावर माणसे आडवी केली, त्याच्याविरुद्ध हे विमान शेवटी वापरले गेले.

या तुकड्यांमुळे ब्रह्मदेशाचा निकाल लागला, असे म्हणता येणार नाही. ती लढाई पायदळाने, रसद पोहोचवणाऱ्या मालवाहू विमानांनी आणि रस्ते बांधणाऱ्या मजुरांनी जिंकली. व्हेंजन्सचे मोल पायदळाच्या भरवशात होते. टेकडीखाली दबा धरून बसलेल्या सैनिकाला पुढचा बंकर उडेल असा विश्वास वाटणे, हे रोजच्या त्या वीस सेकंदांनी शक्य केले. भारतीय हवाई दलाला त्यातून आणखी एक गोष्ट मिळाली. जमिनीवरच्या सैन्याबरोबर नकाशा, धूर आणि घड्याळ जुळवून काम करण्याची सवय असलेल्या वैमानिकांची आणि तंत्रज्ञांची पिढी तयार झाली. त्यांतले प्रतापचंद्र लाल 1971 च्या युद्धात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

110 क्रमांकाची तुकडी पुढे मॉस्किटो घेऊन ब्रह्मदेशात परतली. युद्धाच्या अखेरच्या बॉम्बहल्ल्यांपैकी एक तिने 20 ऑगस्ट 1945 रोजी केला. जपानने शरणागती जाहीर करून पाच दिवस झाले होते, पण रानातल्या काही तुकड्या अजून लढत होत्या. तीन वर्षांनी, 17 सप्टेंबर 1948 रोजी, हैदराबाद संस्थान भारतात आले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. संस्थान संपल्यानंतरही ब्रिटिश हवाई दलात 110 क्रमांकाच्या तुकडीचे 'हैदराबाद' हे नाव राहिले. 1971 मध्ये सिंगापूर येथे ती बरखास्त झाली, तेव्हाच ते नाव कामावरून उतरले.